खूण आणि ओळख

हरवलेल्या माणसाच्या शोधात जे दोन प्रश्न असतात, तेच हरवलेल्या कुत्र्याच्या शोधातही असतात. तो कुठे आहे, हा पहिला. आणि सापडला तो तोच कशावरून, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तराला आपण माग म्हणतो, दुसऱ्याच्या उत्तराला ओळख. मराठीने या दोहोंच्या मध्ये तिसरा एक शब्द ठेवला आहे : खूण. वाटेवर उमटली तर ती मागाच्या कामी येते, अंगावर असली तर ओळखीच्या. हरवलेला माणूस आपले नाव सांगू शकतो, निदान सांगेल अशी आशा असते. कुत्र्याला नाव असते, पण ते त्याने ऐकायचे असते, उच्चारायचे नसते. म्हणून कुत्रे पाळणारा माणूस फार पूर्वीपासून त्याच्या अंगावर कुठे ना कुठे खूण करीत आला आहे. या खुणांचा विचार करू लागले की त्या कुत्र्याविषयी थोडे आणि आपल्याविषयी बरेच सांगतात असे वाटू लागते.

सर्वांत जुनी आणि साधी खूण म्हणजे गळ्यातला पट्टा. हिमालयातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, तो बिबट्याने नरडे धरू नये म्हणून. तिथे पट्टा हे चिलखत आहे. शहरात आल्यावर बिबट्याची जागा कुत्री पकडणाऱ्या गाडीने घेतली आणि लोखंडी काट्यांची जागा पालिकेच्या बिल्ल्याने. पत्र्याचा तो रुपयाएवढा तुकडा, त्यावर ठोकलेला क्रमांक. त्याने रक्षण होते ते दातांपासून नव्हे, माणसाच्या गैरसमजापासून. हा कोणाचा तरी आहे, एवढेच तो बिल्ला सांगतो. पण तेवढे सांगितले न गेल्यास काय होते, हे मुंबईने १८३२ साली पाहिले आहे. बेवारस कुत्री मारण्यासाठी तेव्हा दर कुत्र्यामागे आठ आण्यांचे इनाम होते. आठ आण्यांना बेवारस आणि पाळीव यांतला भेद दिसत नाही. कुत्री मारणारे घरांच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. ज्या पारशी समाजाच्या धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे, तो ६ जून रोजी रस्त्यावर उतरला, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला आणि इतर समाजांचे लोकही त्यात सामील झाले. पारशी अंत्यविधीत ‘सगदीद’ नावाचा एक संस्कार आहे. प्रेतापाशी कुत्रा आणतात आणि त्याची नजर मृतावर पडू देतात. माणसाची अखेरची ओळख जिथे कुत्र्याच्या नजरेवर सोपविली जाते, त्या समाजाला आठ आण्यांचा हिशेब मानवणार नव्हता.

पट्ट्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक गळपट्टा आहे, इसवी सनाच्या चौथ्या ते सहाव्या शतकांमधला. त्याला टांगलेल्या चकतीवर लॅटिनमध्ये कोरले आहे की मी पळून आलो आहे, मला धरा, माझ्या धन्याकडे मला परत नेल्यास सोन्याचे नाणे मिळेल. धन्याचे नावही आहे : झोनिनस. मजकूर वाचताना हरवलेल्या कुत्र्याची आजची जाहिरातच वाचतो आहोत असे वाटते. पण तो पट्टा माणसाच्या, गुलामाच्या गळ्यातला आहे. गुलाम स्वतःचे नाव सांगू शकत होता, तरी चकतीवर त्याचे नाव नाही. खुणेला नेसविलेली ही मालकीची भाषा ध्यानात ठेवावी लागते. कारण कुत्र्याच्या बिल्ल्यावरही बहुधा कुत्र्याचे नाव नसते, आपला पत्ता असतो.

पट्टा निसटतो, तुटतो, चोर तो कापून टाकतो. तेव्हा खूण शरीरावरच हवी, हा पुढचा विचार. कानाच्या आत किंवा मांडीच्या आतल्या कातडीवर गोंदून क्रमांक घालण्याची रीत अनेक देशांत होती. पण गोंदण पुसट होते, त्यावर केस वाढतात. मग निसर्गानेच केलेल्या खुणेकडे लक्ष गेले. कुत्र्याच्या नाकाच्या शेंड्यावर बारीक उंचवटे आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या रेषा असतात आणि एकाचे नाक दुसऱ्यासारखे नसते. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखाच हा नाकाचा ठसा. कॅनडाच्या केनेल क्लबने १९३८ पासून तो ओळखीचा पुरावा म्हणून स्वीकारला. आता मोबाइलच्या कॅमेऱ्यातून नाकाचे छायाचित्र घेऊन संगणकाकडून ते जुळवून घेण्याची सोय निघाली आहे. ओले, चंचल, प्रत्येक वस्तूत खुपसले जाणारे नाक छायाचित्रासाठी स्थिर धरणे हे काम मात्र संगणकाला करता येत नाही. ते घरच्यांनाच करावे लागते.

आज या खुणांत सर्वांत भरवशाची मानली जाते ती मायक्रोचिप. नावावरून एखादे गुंतागुंतीचे यंत्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ती तांदळाच्या दाण्याएवढी, सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड काचेची कुपी असते. जाड सुईने ती खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सोडतात. तिच्यात विजेचा घट नसतो, म्हणून तो संपण्याचा प्रश्नही नसतो. एरवी ती निद्रिस्त असते. वाचनयंत्र जवळ आणले की त्याच्या १३४.२ किलोहर्ट्झच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते, आपला १५ अंकी क्रमांक सांगते आणि पुन्हा निजते. आरंभीचे तीन अंक देशाचे असू शकतात, भारताचे ३५६. किंवा ९०० च्या पुढचे असले तर ते चिप बनविणाऱ्या कारखान्याचे असतात. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून आठ आठवड्यांहून मोठ्या प्रत्येक कुत्र्याला ती कायद्याने सक्तीची झाली.

आमच्या आताच्या कुत्रीला चिप बसविली तेव्हा पशुवैद्यांनी खात्री करून घेण्यासाठी तिच्या मानेवरून वाचनयंत्र फिरविले. काचेवर हिरवे आकडे उमटले. आरंभ ९ ने होता. म्हणजे त्या क्रमांकात तिचा देशही नव्हता, गाव तर नव्हतेच. चिपविषयी एक समज फार पसरलेला आहे की ती कुत्रे कुठे आहे हे दाखविते. ती तसे काही करीत नाही. चार बोटांच्या अंतरावर यंत्र आणल्याशिवाय ती बोलत नाही. आणि बोलली तरी केवळ क्रमांक सांगते. तो क्रमांक कुठल्या नोंदवहीत आहे हे शोधावे लागते, त्या नोंदवहीत आपले नाव असावे लागते, घर बदलले असल्यास नवा पत्ता आपण तिथे कळविलेला असावा लागतो. त्याच्याही आधी कोणी तरी रस्त्यात थांबावे लागते, भेदरलेल्या परक्या कुत्र्याला चुचकारून पशुवैद्यापर्यंत न्यावे लागते. साखळीतली पहिली कडी काचेची नसून माणसाची आहे, आणि ती कुठल्याही दुकानात मिळत नाही.

ही गोष्ट मला चिप येण्याच्या पुष्कळ आधी कळली होती. १९९४ च्या दिवाळीत, बडोद्याला. दांडिया बाजाराच्या मागच्या एका जुन्या वाड्यात आम्ही राहत असू. खंड्या नावाचा तांबूस रंगाचा देशी कुत्रा घरी होता; शेजारचे गुजराती कुटुंब त्याला आदराने ‘खंडुभाई’ म्हणे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या माळा सुरू झाल्या. कुत्र्याचा कान आपल्यापेक्षा फार तीक्ष्ण. आपल्याला जो धमाका वाटतो तो त्याला काय वाटत असेल याची कल्पना करवत नाही. गजाला बांधलेली साखळी जागेवर राहिली, तिला जोडलेला पट्टा राहिला, पट्ट्याला पालिकेचा बिल्लाही राहिला. खूण घरी होती आणि कुत्रा गेला होता.

त्या रात्री पत्रकाचा मजकूर करायला सारे घर बसले. रंग तांबूस, उंची मध्यम, शेपूट वळलेली. एवढे लिहून झाल्यावर वडिलांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “हे तर निम्म्या बडोद्याच्या कुत्र्यांचे वर्णन झाले.” मग एकेकाने आपापली खूण सांगितली. डावा कान अर्ध्यावर दुमडतो, हे बहिणीने. नाकाच्या डाव्या अंगाला तिळाएवढा गुलाबी ठिपका आहे, हे सहा वर्षांच्या भाच्याने. तो ठिपका दिसण्याइतक्या जवळ आम्ही कोणीच कधी गेलो नव्हतो. आई म्हणाली, “भाकरी मोडून दिल्याशिवाय तोंड लावत नाही, ते लिहा.” सहा माणसांना सहा निराळे खंड्या ठाऊक होते. पाच वर्षे एका घरात नांदणाऱ्या प्राण्याचे सर्वांना मान्य होईल असे वर्णन मात्र आम्हांला चार ओळींत करता येईना. पत्रक गुजरातीत छापले. छापखान्याच्या मालकांनी शब्द मोजून बरेचसे गाळले. पण वडिलांच्या आग्रहाने शेवटची ओळ राहिली : मराठीतून हाक मारल्यास येतो.

चौथ्या दिवशी स्थानकाजवळच्या मालधक्क्यावरून निरोप आला. तिथल्या चहाच्या टपरीवर तो होता. चहावाल्याला वाचता येत नव्हते. एका हमालाने पत्रक वाचून दाखविले, तेव्हा त्याने कुठल्याशा मराठी गिऱ्हाइकाकडून शिकलेले “ये रे, ये” हे दोन शब्द उच्चारून पाहिले आणि फळीखाली निजलेला खंड्या उठून उभा राहिला. पण पत्रक तिथे पोहोचण्यापूर्वीच त्या माणसाने त्याला सुतळीने बांधून ठेवले होते आणि दूधपाव घालीत होता. का, असे विचारल्यावर तो म्हणाला की भुकेला होता, पण खाली टाकलेले खाईना, ताटलीत घातल्यावर खाल्ले. आणि पायरीपाशी येऊन थांबे, बोलाविल्याशिवाय आत येत नसे. त्यावरून त्याने ताडले होते, “कोकनो छे.” कोणाचा तरी आहे. बिल्ला जे सांगतो नेमके तेच वाक्य. पण बिल्ला नसताना त्याने ते कुत्र्याच्या वागण्यातून वाचले होते. वडिलांनी नाणी पुढे केली, ती त्याने घेतली नाहीत. चहाचे पैसे तेवढे घेतले.

खुणेवाचून ओळख नाही, हा माणसांच्या जगाचा नियम फार जुना आहे. कालिदासाच्या नाटकाच्या नावातच ‘अभिज्ञान’ आहे, आणि अभिज्ञान म्हणजे ओळख पटविणारी वस्तू. अंगठी पाण्यात पडली आणि दुष्यंताच्या मनातून शकुंतला पुसली गेली. ती समोर उभी असूनही त्याला ओळखता येईना. शाप दुर्वासाचा होता हे खरे, पण त्या शापावाचूनही माणसे अशीच वागताना दिसतात. अशोकवनात मारुतीने रामाची मुद्रिका दाखविली तेव्हा सीतेचा विश्वास बसला. होमरच्या महाकाव्यात ओडिसियस वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी येतो. जुन्या दाईला तो कळतो तो पाय धुताना मांडीवरचा व्रण हाताला लागल्यामुळे. गुराख्यांना तो आपण होऊन तोच व्रण दाखवितो. पत्नी तर शय्येचे गुपित त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत विश्वास ठेवत नाही. साऱ्या घरात त्याला खुणेवाचून ओळखणारा एकच जीव आहे : दाराबाहेर उकिरड्यावर पडलेला, गोचिडांनी भरलेला म्हातारा कुत्रा आर्गोस. त्याने शेपूट हलविली, कान खाली पाडले. जवळ येण्याचे बळ उरले नव्हते. धनी आत गेला आणि कुत्र्याने प्राण सोडला. त्याला वेष दिसला नसेल असे नाही. पण वेष ही त्याची ओळखण्याची रीतच नव्हती.

ती रीत नाकाची आहे. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या सुमारे पन्नास-साठ लाख पेशी असतात. कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्या पुढे जातात. एकाच घरात राहणारी, एकच अन्न खाणारी एकरूप जुळी भावंडे शिकविलेली कुत्री गंधावरून वेगळी ओळखू शकतात, हे चेक संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले. ज्या दोघांत जन्मदात्री आईही क्षणभर गोंधळते, त्या दोघांत कुत्रा गोंधळत नाही. माग काढणारा कुत्रा चार-पाच पावलांचे ठसे हुंगतो आणि तेवढ्यावरून माणूस कुठल्या दिशेने गेला हे ठरवितो. एका पावलाचा गंध पुढच्या पावलाहून किंचित शिळा असतो, तो फरक त्याला कळत असला पाहिजे.

म्हणून आपल्या परंपरेत शोध घेणाऱ्यांच्या आद्य नामावळीत एक कुत्रीच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली सरमा पणींनी लपविलेल्या गाईंचा माग काढीत रसा नदी ओलांडून जाते. पणी तिला बहीण म्हणून राहण्याचे आमिष दाखवितात आणि ती ते नाकारते. संस्कृतात ‘मृग्’ या धातूचा अर्थच शोधणे. माणसानेही ही विद्या आत्मसात केली. कच्छ आणि बनासकांठ्यातले पगी पावलांच्या ठशांवरून माणसांची संख्या आणि त्यांच्यावरचे ओझे सांगत. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत रणछोड पगींच्या या विद्येचा भारतीय सेनेला उपयोग झाला. आता रणातला ठसा आणि सरमेचे नाक यांचे काम आकाशातल्या उपग्रहांकडे आले आहे.

गळपट्ट्याला अडकविलेली जीपीएसची डबी उपग्रहांचे संकेत घेऊन आपले स्थान ठरविते आणि तिच्यातले सिमकार्ड ते आपल्या मोबाइलवर पाठविते. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेने नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती काढल्यावर स्थान काही मीटरांच्या अंतरापर्यंत अचूक कळू लागले. मात्र अरुंद बोळात, जिन्याखाली, तळघरात हे संकेत पुसट होतात. आणि घाबरलेले कुत्रे नेमके अशाच जागी जाऊन बसते. डबीतला घट दर काही दिवसांनी भारावा लागतो. ब्लूटूथवर चालणारी छोटी चकती त्याहून स्वस्त असते. पण ती स्वतः काही कळवीत नाही, जवळून जाणाऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमुळे तिचा ठावठिकाणा लागतो. इथेही पुन्हा अनोळखी वाटसरू आलाच, फक्त या वेळी त्याला आपण काही केले याचा पत्ताही नसतो.

या डबीने एक निराळीच गोष्ट उजेडात आणली. चेक संशोधकांच्या एका गटाने २७ शिकारी कुत्र्यांच्या गळ्यांत जीपीएसच्या डब्या बांधून त्यांना वेगवेगळ्या जंगलांत शेकडो वेळा मोकळे सोडले. २०२० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुत्री सावजामागे दूर जात आणि मग धन्याकडे परत येत. काही आल्या वाटेने, आपलाच गंध हुंगत येत. पण काही नव्या वाटेने येत, आणि त्यांतली बरीचशी कुत्री परतण्याआधी सुमारे २० मीटर उत्तर-दक्षिण रेषेत धावत, मग वळून घराची वाट धरीत. अशी धाव घेणारी अधिक सरळ वाटेने परतत. पृथ्वीच्या चुंबकत्वाशी ती आपला मनातला नकाशा जुळवून घेत असावीत, असा संशोधकांचा तर्क आहे. कुत्रा कसा सापडेल हे पाहण्यासाठी केलेले साधन त्याच्या गळ्यात बांधले, तेव्हा कळले ते हे की आपण कसे सापडतो हे त्याला आधीच ठाऊक आहे. हरवलेला कोण आणि शोधणारा कोण, याविषयी कुत्र्याचे मत आपल्याहून वेगळे असण्याची शक्यता आहे.

हे सारे ज्याला घर आहे त्याच्याविषयी झाले. आपल्या रस्त्यांवर याहून कितीतरी अधिक कुत्री अशी आहेत की ज्यांच्याविषयी ‘हा कोणाचा’ या प्रश्नाला उत्तर नाही, किंवा एका गल्लीतली वीस उत्तरे आहेत. त्यांचीही एक खूण आहे. नसबंदी आणि लसीकरण झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला लहानशी खाच पाडतात. पकडायला येणाऱ्याला ती दुरून दिसावी आणि त्याच कुत्र्यावर पुन्हा शस्त्रक्रिया होऊ नये, एवढाच तिचा हेतू. २०२३ च्या नियमांनी तर अशा कुत्र्यांना ‘सामुदायिक’ हा शब्द दिला. त्याच वर्षी मुंबईच्या विमानतळाबाहेर राहणाऱ्या काही कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडाचे बिल्ले बांधले गेले. मोबाइल समोर धरला की त्याचे नाव, त्याची लस, त्याला खाऊ घालणाऱ्याचा पत्ता कळावा. कानाची ती खाच मला सर्व खुणांत प्रामाणिक वाटते. तीत कोणाचा पत्ता नाही, कोणाची मालकी नाही. पण त्यामुळेच ती सर्वांत दुबळीही आहे; ती वाचून फोन करावा असा क्रमांक तिच्यात नसतो, ती पाहून काय करायचे हे पाहणाऱ्याच्या मनावर राहते.

महाभारताचा आरंभ आणि अखेर, दोन्हींकडे कुत्रा आहे. आरंभी जनमेजयाच्या यज्ञात सरमेच्या पिलाला काही अपराध नसताना मार बसतो आणि सरमा येऊन जाब विचारते. अखेरीस हस्तिनापुराहून निघालेल्या पांडवांच्या मागे एक कुत्रा चालू लागतो. त्याच्या गळ्यात पट्टा नाही, व्यासांनी त्याला नाव दिलेले नाही, तो युधिष्ठिराने पाळलेला होता असेही कुठे म्हटलेले नाही. द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले, कुत्रा चालत राहिला. इंद्र रथ घेऊन आला आणि कुत्र्याला सोड म्हणाला, तेव्हा युधिष्ठिराने नकार दिला. तो धर्म होता हे नंतर कळले; नकार देताना तो केवळ कुत्रा होता. युधिष्ठिरापाशी त्याची एकही खूण नव्हती. तो इतका वेळ मागून आला होता आणि हे युधिष्ठिराच्या लक्षात राहिले होते, एवढीच काय ती ओळख.